चेअरमनची साखर

सकाळी साडेसहाला हातात ओगराळं घेऊन, कमरेत वाकून, कुत्र्याच्या मागल्या पायावर नजर खिळवून चालणाऱ्या माणसाला नमस्कार करावा की रस्ता ओलांडून पलीकडे जावं, हे विश्रामबागेतल्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. बहुतेक जण पलीकडे जातात. एक निवृत्त मुख्याध्यापक मात्र थांबले. जन्म दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात गेलेला, त्यामुळे त्यांना राहवलं नसावं.

“काय चाललंय हे?”

“नमुना घेतोय, सर.”

“कसला?”

“लघवीचा. याला डायबेटिस आहे.”

सरांनी ओगराळ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. “मलाही आहे. पंधरा वर्षं झाली,” ते म्हणाले, “घरात कुणी चमचासुद्धा पुढे केला नाही.” आणि मफलर सारखा करत निघून गेले.

कुत्र्याचं नाव चेअरमन. हे आम्ही ठेवलेलं नाही. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसून राहायचं, काम काही करायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्यावर आवाज चढवायचा आणि कुणी कितीही ओढलं तरी खुर्ची सोडायची नाही, ही लक्षणं बघून गल्लीनेच एकमताने ठराव केला. सांगली जिल्ह्यात साखर कारखाने मुबलक, तेव्हा चेअरमन ओळखायला लोक चुकत नाहीत. जात म्हणाल तर स्पिट्झ, पण पूर्ण नाही. कान आणि आवाज तेवढा स्पिट्झचा, बाकी गावठी.

तर ते ओगराळं. नर कुत्रा सगळं दान एका जागी टाकत नाही. थोडं विजेच्या खांबाला, थोडं दूधवाल्याच्या मोटारसायकलला, थोडं नगरसेवकांच्या अभिनंदनाच्या फलकाला, असं निधीचं समान वाटप असतं. मी ओगराळं पुढे केलं की पाय खाली. मी मागे सरलो की पाय वर. मी आकाशाकडे बघतोय असं दाखवून अंदाजाने ओगराळं सरकवतो, तर बरोबर त्या क्षणी चेअरमनना विषयपत्रिकेवरचा दुसरा विषय आठवतो. शेवटी जे चार थेंब मिळतात ते न सांडता घरी आणायचे, त्यात पट्टी बुडवायची आणि पट्टीवरच्या चौकोनाचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. हे काम बायकोकडे आहे, कारण मला हिरवा हा एकच हिरवा माहीत आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “रंग कुठला आला?” ही ठामपणे म्हणाली, “रामा आणि मेंदीच्या मधला. मेंदीकडे झुकणारा.” डॉक्टर क्षणभर गप्प झाले. “वहिनी, प्लस किती ते सांगा.” पुढे कीटोनच्या चौकोनावरही नजर ठेवायला सांगितली. तो जांभळा पडला तर काही विचार न करता दवाखान्यात यायचं, साखरेइतकंच आम्लाचंही भय असतं म्हणाले. तेव्हाही हिची शंका एकच होती. “जांभळा म्हणजे वांगी की आमसुली?”

हे सगळं सुरू झालं मुंग्यांमुळे. चेअरमन पाणी फार प्यायला लागला होता. भांडं रिकामं करून बादलीकडे, बादलीकडून कुंडीखालच्या ताटलीकडे. रात्री बाहेर नेण्यासाठी दार खरवडायचा. दोन्ही वेळा चाटूनपुसून खायचा आणि तरी पाठीचे मणके मोजता यायला लागले. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. मग एक दिवस स्कूटरच्या मागच्या चाकापाशी मुंग्यांची ठसठशीत रांग दिसली. हिचा पहिला संशय माझ्यावर. डिकीत पेढे लपवले असणार! तिने डिकी उघडली. पेढे होते. पण एकही मुंगी तिकडे फिरकलेली नव्हती. चितळ्यांच्या जिल्ह्यातले ताजे पेढे सोडून मुंग्या चाकाला लागल्यात म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पेढ्यांचं प्रकरण तिने नंतरसाठी राखून ठेवलं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे आमच्या पुढे एक खिलार खोंड होता आणि मागे दोन शेळ्या. आमच्याकडे कुत्र्याचा रक्ताचा रिपोर्ट. उपाशीपोटी साखर ४१२.

“किती असावी लागते?” मी विचारलं.

“ऐंशी ते एकशेवीस धरा. दोनशेच्या आसपास गेली की मूत्रपिंडं हात टेकतात आणि साखर लघवीत सोडतात. मुंग्यांना ते आपल्या आधी कळतं.”

“गोळीवर नाही का भागणार? आमच्या आईचं भागतं.”

“माणसांच्या बऱ्याच गोळ्या स्वादुपिंडाला ढोसून कामाला लावतात. याच्या स्वादुपिंडाने राजीनामा दिलाय. ढोसायचं कुणाला?”

चेअरमनच्या संदर्भात राजीनामा हा शब्द मी जिल्ह्यात प्रथमच ऐकत होतो. डॉक्टरांनी पुढचं सांगून टाकलं. इन्सुलिन, दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, जेवल्यानंतर, जन्मभर. जेवण रोज तेच, तेवढंच, त्याच वेळेला. खोंडाचा मालक जाता जाता थांबून ऐकत होता. “बैल लावला असता तर सोपं पडलं असतं,” एवढं बोलून तो गेला. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी वाचली. ‘चेअरमन, वय ९, नर, स्पिट्झ.’ संगणकाला आडनावाशिवाय बिल काढता येत नाही. त्याने फारसा विचार न करता ‘श्री. चेअरमन स्पिट्झ’ असं टंकलं आणि मला विचारलं, “साहेबांना शुगर कधीपासून?”

“आजच कळलं. चारशे बारा निघाली.”

शेजारी एक आजोबा उभे होते. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब. त्यांची मान गर्रकन वळली.

“कुटल्या कारखान्याचं ओ चेअरमन?”

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांना तो नको होता.

“किती म्हणालासा? चारशे बारा?” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. “मग! हुनारच की! ऊस नेल्यावर चौदा दिसात बिल द्यायचं, असा कायदा हाय. हितं शिमगा झाला, पाडवा झाला. आमची साखर दाबून ठिवल्यावर ती जानार कुटं? रगतातच चढनार. कुटं ठिवलंय त्यास्नी? मिरजंला?”

“नाही हो. घरीच आहे. खुर्चीवर.”

“ती कुटं सोडत्यात!” म्हणत आजोबांनी मलमाचे पैसे दिले. इतक्या आनंदात मलम विकत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते सुख काढून घेण्याचा मला काय अधिकार?

घरी आल्यावर टोपीचं राजकारण सुरू झालं. इन्सुलिनची बाटली ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० ची लागते, तिची टोपी लाल. १०० युनिटच्या सिरिंजला केशरी टोपी. लालची बाटली केशरीत भरली की औषध अडीच पटींनी कमी पडतं, उलट केलं तर अडीच पटींनी जास्त. मी घाबरून देवघराशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लाल म्हणजे लाल.’ निवडणुकीचे दिवस होते. वर्गणी मागायला आलेल्या कार्यकर्त्यांनी ते वाचलं आणि पावती न फाडताच निघून गेले. एवढा एक फायदा झाला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी मोसंब्यावर सराव करा. बायकोला दुसऱ्याच मोसंब्याला जमलं. मी पिशवी संपवली. त्या सगळ्या मोसंब्यांचा रस आईने दुपारी तिच्या भजनी मंडळाला दिला. “यंदा मोसंबी फार पाणचट,” असा निर्णय देऊन मंडळ पुढच्या अभंगाकडे वळलं.

मोसंबं हलत नाही, चाटत नाही आणि त्याला केस नसतात. कुत्र्याचं तसं नाही. बाटली फ्रिजमधून काढायची, हलवायची नाही, दोन तळहातांत हळूच घोळायची. तळाशी बसलेला पांढरा साका मिसळून सगळं दुधट झालं की सिरिंज भरायची. टिचकी मारून बुडबुडा वर काढायचा. मग मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा आणि तंबूच्या पायथ्याशी सुई सरकवायची. माझी सुई तंबूच्या एका कनातीतून शिरून दुसऱ्या कनातीतून बाहेर यायची आणि इन्सुलिन केसांना मिळायचं. मग आम्ही दोघं आळीपाळीने कुत्र्याच्या मानेचा वास घ्यायचो. इन्सुलिनला दवाखान्याच्या फरशीचा वास येतो. तो आला म्हणजे डोस वाया. पुन्हा द्यायचा नाही, हा डॉक्टरांचा कडक नियम, कारण थोडं आत गेलेलं असलं आणि वर पुन्हा दिलं तर साखर तळाला जाते. एका दिवसाची जास्त साखर निभते, एका तासाची कमी साखर निभत नाही. या सगळ्यात चेअरमन कधी साधं कुंईसुद्धा करत नाही. सुई टोचताना ‘आई गं’ म्हणतो तो मी. आत स्वयंपाकघरातून आई ओ देते, “काय रे?”

रात्री मी याविषयी वाचत बसायला लागलो. डुकराचं इन्सुलिन आणि कुत्र्याचं इन्सुलिन तंतोतंत एक असतं. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात आणि त्यातलं फक्त एक कुत्र्याहून वेगळं. मी ही माहिती जेवताना उत्साहाने सांगितली. “म्हणजे बघ, चेअरमन आणि माझ्यात एकाच आम्लाचा फरक!”

“कुठलं ते शोधून काढा,” बायको ताटावरून मान न उचलता म्हणाली, “मला तर तोही दिसत नाही.”

मग मी मोर्चा आईकडे वळवला. आई ब्याऐंशी वर्षांची. तिची शुगर माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे आणि ती तिच्याबद्दल सुनेपेक्षा जास्त आपुलकीने बोलते. तिला सांगितलं, “स्ट्रासबर्ग नावाच्या गावात १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. कुत्र्याला डायबेटिस झाला. तेव्हा कुठे जगाला कळलं की मुळात गडबड पोटातल्या या अवयवात आहे. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन काढलं. मार्जोरी नावाची स्वादुपिंड नसलेली कुत्री त्यावर सत्तरेक दिवस जगली. लगेच १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका पोराला ते टोचलं. त्याआधी अशी पोरं उपाशी ठेवून ठेवून मरायची.”

आईने चष्मा कपाळावर नेला. “म्हणजे कुत्र्यांनी जीव देऊन माणसांना औषध दिलं.”

“हो.”

“आणि तू त्या कुत्र्याला पोळीचा तुकडा देत नाहीस.”

त्या संशोधकांनी शोधाचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले आणि बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो, हे सांगायचं राहिलं. तसं बरंच झालं. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो आणि गोळ्या-चॉकलेटं वाटतात, त्यावरून तिने आणखी एक मुद्दा काढला असता.

खरी पंचाईत झाली घड्याळाची. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. संध्याकाळी सात म्हणजे दिवेलागण, रामरक्षा आणि इन्सुलिन. पण संध्याकाळी सात म्हणजेच अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राचं रिसेप्शन. गोरज मुहूर्त, साखरपुडा (हा शब्दच आता घरात हळू आवाजात उच्चारतात), मुंजीनंतरचं जेवण, एकसष्टी, सगळं सातला. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. “कुत्र्याला इंजेक्शन द्यायचंय, निघतो.” त्यावर इचलकरंजीच्या आत्याबाई म्हणाल्या, “एवढं काय ते! कळलं आम्हाला, आमच्यापेक्षा कुत्रं जवळचं,” आणि अहेर परत पाठवला. तेव्हापासून ही नुसतं “घरी पेशंट आहे, सातला इन्सुलिन असतं” एवढंच म्हणायला लागली. हे अक्षरशः खरं होतं. पाहुण्यांनी त्यात पेशंटचं नाव आपापलं भरून घेतलं.

मग भेटायला लोक यायला लागले. आईला.

पहिल्या खेपेला आई नुकतीच मंडळातून टाळ घेऊन परतली होती. दारात मिरजेचे पाहुणे शहाळी घेऊन उभे. तिने टाळ उशाखाली सारले, शाल ओढली आणि पलंगावर टेकली. मी काही बोलायच्या आत तिचा आवाज बदललेला होता.

“कसं वाटतंय आता, काकू?”

“चाललंय. दिवस ढकलायचे.”

“दोन्ही वेळा सुई?”

“दोन्ही वेळा,” आईने डोळे मिटून सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं, सुई दोन्ही वेळा होतीच. शेजारी पलंगाच्या पायाशी चेअरमन मलूल होऊन पडला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मुक्या जनावराला कसं कळतं बघा. मालकिणीचं दुखणं अंगावर घेतलंय त्याने.”

पाहुणे गेल्यावर मी आईला बोललो. “अगं, तुझी साधी गोळी चालू आहे!”

“मी कुठे काय म्हटलं? आणि आली चार माणसं तर तुझं काय गेलं? त्या कुत्र्याची तू दिवसातून दहादा चौकशी करतोस.”

भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. शहाळी, मोसंबी, “तुम्हाला नाही हो, घरच्यांना” म्हणून पेढे. तासगावच्या मावसभावाने बेदाण्यांचा खोका आणला आणि मूठभर थेट चेअरमनपुढे टाकले. मी झडप घातली. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, कुत्रा धडधाकट असला तरी. मावसभाऊ दुखावला. तासगावात बेदाण्याला कुणी विष म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या भाच्याने तर चेअरमनसाठी मुद्दाम शुगर-फ्री च्युइंगम आणलं होतं. त्यातल्या बऱ्याच जातींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याच्या यकृताचा बळी घेऊ शकतं. तेही हिसकावलं. म्हणजे ऊस नाही, गूळ नाही, द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. या कुत्र्याने सांगली जिल्ह्यात खायचं काय? बाजारपेठेत पाहिलं तर उरली हळद.

उपचार सांगणारे वेगळेच. साखर कुणाचीही निघो, ऐकणारा दुसऱ्या वाक्याला स्वतःच्या शुगरवर येतो आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःच्या काढ्यावर. वरच्या मजल्यावरचे काका कारल्याचा रस घेऊन आले. “मी रोज घेतो. तीन महिन्यांत गोळी सुटली.” चेअरमनने वाटीत नाक घातलं, काकांकडे रोखून पाहिलं आणि पुढचे काही दिवस फक्त त्यांच्याच चपला निवडून घेतल्या. दुसऱ्या एकींनी जांभळाच्या बियांची पूड दिली, तिसऱ्यांनी सदाफुलीची पानं. तांब्याच्या कड्याचाही एक प्रस्ताव होता. कड्यासाठी कुठला पाय, यावर जिन्यात चर्चा झाली.

साखर जरा ताळ्यावर आल्यावर चेअरमनची ती जुनी भूकही ताळ्यावर आली, आणि त्याला एक मोठा शोध लागला. आपण जेवलो नाही तर या घरातली माणसं हवालदिल होतात. पोटात काही नसताना पूर्ण डोस देता येत नाही, त्यामुळे सातला पाच कमी असताना आम्ही तिघं त्याच्या थाळीभोवती उकिडवे बसलेलो असतो. थाळीत तागडीवर तोललेलं उकडलेलं चिकन, दुधी आणि भात. तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. बैठक तहकूब. ही “माझा राजा” म्हणते, मी “साहेब, एक घास” म्हणतो. माझ्या ताटात मीठ कमी असलं तर “उठून घ्या” म्हणणारी बाई त्याच्या भातावर चिकनचं पाणी चमच्याने शिंपडते. सातला एक कमी असताना तो उठतो आणि अर्ध्या मिनिटात थाळी लख्ख करतो.

मधल्या काळात त्याचे डोळे निळसर पांढरे झाले. मोतीबिंदू. डायबेटिसच्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात होतोच. जादा साखर भिंगात शिरते, पाणी ओढून घेते आणि भिंग गढूळ होतं. डॉक्टर म्हणाले, कुत्रा नाकावर आणि सवयीवर चालतो, काळजी नको, फक्त घरातलं सामान जागचं हलवू नका. हे वाक्य मी त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घेतलं. आमच्याकडे दर दिवाळीला सोफा पूर्वेला आणि कपाट दक्षिणेला जातं आणि पाडव्याला दोन्ही परत येतात, आणि उचलणारा मी. तो कागद आता फ्रिजवर लावलाय. सोफा चेअरमनच्या नावावर कायम झाला आहे.

आणि मग तो काकवीचा दिवस. दुपारी चेअरमन उठला आणि मागचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. डोकं थरथरत होतं. साखर उतरली, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. अशा वेळी मध किंवा ग्लुकोज हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, मग डॉक्टर. पाठ होतं सगळं. पण मधाच्या बाटलीचं झाकण बसलेलं. मी ओढतोय, ही टॉवेलने पिळतेय. ग्लुकोजचा पुडा भाच्याने क्रिकेट खेळून आल्यावर संपवलेला. साखरेचा डबा? घरातून साखर हद्दपार करणारी व्यक्ती टॉवेल पिळत समोरच उभी होती.

“सरका,” असा आवाज आला. आईने तिची ट्रंक उघडली. नऊवारींच्या खाली, काशीच्या गंगाजलाच्या गडूमागे हात घातला आणि मळकट बरणी काढली. दाट, तांबूस, ताजी काकवी. शिराळ्याकडच्या गुऱ्हाळाची असावी. खाली बसून तिने बोटभर घेतली आणि त्याच्या हिरड्यांना चोळली. पुन्हा घेतली. थोड्या वेळाने चेअरमनने जीभ बाहेर काढली, तिचं बोट चाटलं आणि मान वर केली. आम्ही ग्लुकोमीटर लावला. कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला. आकडा वर सरकत होता. तेव्हा कुठे माझ्या तोंडून प्रश्न फुटला.

“आई, ही काकवी ट्रंकेत कधीपासून आहे?”

“घरात गोड असावं लागतं रे,” आई पदराला हात पुसत म्हणाली. “वेळ सांगून येते का?”

दवाखान्यात डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला आणि आईला शाबासकी दिली. एवढंच नव्हे, घरात तातडीसाठी असं काहीतरी कायम हाताशी ठेवा, असा सल्लाही दिला. झालं! बरणीवर मीच ‘औषध’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि ती ट्रंकेतून निघून राजमान्यपणे फळीवर आली. त्यानंतर चेअरमनला परत एकदाही झटका आलेला नाही. बरणी मात्र दर पंधरवड्याला संपते. विचारलं तर आई म्हणते, “जुनी काकवी चालत नाही औषधाला, ताजीच लागते.” ही आईवर लक्ष ठेवते, आई माझ्या डिकीवर लक्ष ठेवते, आणि चेअरमन डोळ्यांनी दिसत नसतानाही बरणीच्या झाकणाचा आवाज झाला की तिघांच्या आधी तिथे हजर असतो.

परवा सिरिंज आणायला गेलो तर दुकानात तेच आजोबा. या वेळी टोपी नवी कोरी होती. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“काय ओ, चेअरमन काय म्हनत्यात?”

“बरे आहेत. साखर खाली आली. दीडशेच्या घरात असते आता.”

आजोबांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “खरं सांगू काय? त्यास्नी तरास सुरू झाला आनि म्हैन्याभरात पैला हप्ता जमा झाला बघा खात्यावर.”

“अरे वा!”

“तसं न्हवं. एवढी घाईनं उतरवू नगासा साखर. दुसरा हप्ता ऱ्हायलाय अजून.”